जामा एकच, गाठ वेगळी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

इतिहासावर बोलायचं म्हटलं की आपण बहुधा किल्ल्यांवर, लढायांवर आणि तहांवर बोलतो. मी आज कपड्यांवर बोलणार आहे, आणि तेही शिवलेल्या कपड्यांवर. त्याचं कारण घरगुती आहे. माझे वडील शिंदखेड्याच्या बाजारपेठेत शिवणकाम करत. मी बी. ए. झालो, मराठीत कविता करू लागलो, मशीनवर काही बसलो नाही. पण ज्या घरात भाकर सुईच्या टोकावरून आली, त्या घरातला माणूस जुनं चित्र पाहताना आधी चेहरा पाहत नाही. तो बगल कुठं जोडली आहे, घेर किती आहे, बंद कोणत्या बाजूला आहेत, हे पाहतो.

आपल्याकडे ऐतिहासिक कपड्यांना वर्षभर मागणी असते. शाळांची स्नेहसंमेलनं, गणेशोत्सवातले देखावे, शिवजयंतीच्या मिरवणुका, यात्रेतल्या तमाशाचे वग या सगळ्यांना राजे लागतात, मावळे लागतात, खान लागतात. भाड्यानं कपडे देणाऱ्या दुकानात गेलं की गठ्ठे वेगवेगळे केलेले असतात. एका गठ्ठ्यात भगवा आणि पांढरा, दुसऱ्यात हिरवा आणि काळा. आपले या बाजूला, त्यांचे त्या बाजूला. मुलाच्या अंगावर कपडा चढला की त्यानं कुठं उभं राहायचं हे आपोआप ठरतं. शाळेतला इतिहासाचा धडा मूल विसरतं, पण अंगावर घातलेला कपडा ते विसरत नाही. म्हणून विचारावंसं वाटतं, की सतराव्या शतकातली माणसं खरोखर अशी दोन गठ्ठ्यांत वाटलेली होती का?

उत्तराकडे जाण्याआधी एक गैरसमज दूर करू. शिवलेले कपडे आपल्या देशात मुसलमानांनी आणले, त्याआधी लोक फक्त धोतर आणि उपरणं गुंडाळत, असं पुष्कळदा ऐकायला मिळतं. हे श्रेय मला घेता आलं असतं, पण ते खरं नाही. आमच्या खानदेशातून अजिंठा जवळ आहे. जळगावहून सकाळी निघालेला माणूस लेणी पाहून संध्याकाळी परत येतो. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात महाजनक जातकाच्या चित्रात एक नर्तकी आहे. तिच्या अंगात लांब बाह्यांचा, अंगाबरोबर बसणारा कपडा आहे. तो गुंडाळून होत नाही, बेतून शिवावाच लागतो. ही चित्रं पाचव्या शतकाच्या सुमाराची. अमरकोशात शिंप्यासाठी 'तुन्नवाय' आणि 'सौचिक' असे दोन शब्द आहेत. बाणभट्टाच्या सातव्या शतकातल्या हर्षचरितात कंचुक, वारबाण, कूर्पासक, चीनचोलक अशा शिवलेल्या कपड्यांची नावं येतात. आणि आपले नामदेव महाराज तर शिंप्याच्या घरातले. शीख बांधवांच्या गुरु ग्रंथसाहेबात त्यांची ६१ पदं आहेत. त्यांत गज, कात्री, सुई आणि दोरा ही शिंप्याची हत्यारं भक्तीची साधनं होऊन येतात. सुई या मातीत जुनीच होती. मध्य आशियातून आणि इराणातून जे आलं ते नवे घाट, नवी नावं आणि दरबाराची नवी रीत.

आता आमच्या गावाकडे येऊ. शिंदखेड्याच्या उत्तरेला तापी वाहते. पलीकडच्या काठावर थाळनेर आहे. फारुकी सुलतानांची ती पहिली राजधानी, त्यांच्या कबरी आजही तिथं उभ्या आहेत. पुढं त्यांची राजधानी बुऱ्हाणपूरला गेली आणि १६०१ मध्ये अकबरानं असीरगड घेतल्यावर खानदेश मुघलांचा सुभा झाला. सुरत बंदरातून बुऱ्हाणपूरमार्गे आग्ऱ्याला जाणारी मोठी वाट आमच्या भागातून जायची. ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या या वाटेनं गेला होता. त्याचा प्रवासग्रंथ १६७६ मध्ये छापला गेला. त्यात त्यानं मुक्कामांची नावं दिली आहेत. नंदुरबार आणि थाळनेर यांच्या मध्ये 'सेंकेरा' असं एक नाव येतं. ते आमचंच शिंदखेडा, असं अभ्यासक मानतात. बुऱ्हाणपूरच्या कापडाचं त्यानं केलेलं वर्णन वाचण्यासारखं आहे. तिथलं पातळ, पारदर्शक, पांढरं सुती कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जायचं. काहींवर रंगीत फुलं, काहींना सोन्यारुप्याचे पट्टे. त्यांच्या ओढण्या व्हायच्या, बुरखे व्हायचे, पटके व्हायचे. म्हणजे पोलंडातल्या बाईच्या खांद्यावरचं कापड कधी काळी बैलांच्या पाठीवर लादलेलं, शिंदखेड्याच्या मुक्कामात एक रात्र विसावलेलं असू शकेल. गावातल्या पोरांना हे सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात.

हे कापड शिंप्याच्या हातात पडल्यावर त्याचं काय व्हायचं, याचा सगळ्यांत नेमका दाखला अबुल फजलच्या आईने अकबरीत सापडतो. बादशहाच्या तोशाखान्यातल्या कपड्यांना किती कापड लागतं आणि शिलाई किती पडते, याचा हिशेबच त्यानं दिला आहे. त्यात 'तकौचिया' नावाचा एक अंगरखा आहे. बिनअस्तराचा आणि भारतीय घाटाचा, असं अबुल फजल स्वतः म्हणतो. पूर्वी त्याच्या घेराला चिरा असत आणि तो डाव्या बाजूला बांधत. अकबरानं हुकूम केला, की घेर गोल करा आणि बंद उजव्या बाजूला घ्या. कापड लागायचं सात गज सात गिरह. सोळा गिरहांचा एक गज, हे माप माझ्या वडिलांच्या पिढीपर्यंत शिंप्यांच्या तोंडात होतं.

या एका नोंदीत केवढा इतिहास आहे ते पाहा. इथलाच घाट, इथलंच कापड. बादशहानं घेर बदलला आणि गाठीची बाजू बदलली. पुढं मुघल दरबारात रीतच पडून गेली, की हिंदू सरदार जाम्याचे बंद डाव्या बगलेखाली बांधायचे आणि मुसलमान सरदार उजव्या. जुनी लघुचित्रं पाहणारे जाणकार याच खुणेवरून दरबारातला कोण कोण ते ओळखतात. कापड तेच, बेत तोच, शिलाई तीच. फरक तेवढा गाठीचा.

बेताविषयी थोडं सविस्तर सांगतो, कारण ऐतिहासिक कपडा शिवताना गडबड होते ती इथंच. पूर्वीच्या हातमागाच्या कापडाचा पन्हा अरुंद असे. त्यामुळे मोठा तुकडा गोल कापून घेर काढणं शिंप्याला परवडत नसे. तो कळ्या कापायचा. वर निमुळती, खाली रुंद अशी कळी. एक सुलटी, एक उलटी अशा बेतल्या की कापडाची चिंधीसुद्धा वाया जात नाही. अशा अनेक कळ्या जोडून जाम्याचा घेर तयार व्हायचा. अंगरख्याच्या छातीवर गोलाकार काप आणि त्याच्या आत पडदा. आणि सगळ्यांत महत्त्वाची बगल. बाही आणि अंग जिथं मिळतात तिथं काखेत एक चौकोनी तुकडा तिरका बसवलेला असतो. त्या टीचभर तुकड्यामुळे हात पूर्ण वर जातो आणि कपडा जागच्या जागी राहतो. तलवार चालवणाऱ्याला, घोड्यावर बसणाऱ्याला हे लागणारच.

आजचा शिंपी इंग्रजी पद्धतीनं शिकलेला असतो. तो कोटासारखा किंवा शर्टासारखा मुंढा कापतो. दिसायला कपडा छान दिसतो. पण रंगमंचावर राजांनी तलवार उपसून हात वर केला, की अंगरखा पोटापर्यंत वर सरकतो आणि खालची पँट दिसते. प्रेक्षक हसतात. नटाचा दोष नसतो, काखेतला चौकोन गेलेला असतो. १८५१ मध्ये सिंगर यांच्या शिवणयंत्राला पेटंट मिळालं आणि हळूहळू ते यंत्र जगभर पोचलं. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ मध्ये शिवणयंत्राला त्यातून सूट दिली होती. यंत्राशी माझं भांडण नाही, आमचं घर त्यावरच चाललं. पण सरळ टीप मारायला सोपं जातं तेच कापायचं, अशी सवय लागली आणि जुने बेत विसरले गेले, हेही खरं.

आता नावांची गंमत ऐका. अकबरानं फक्त गाठीची बाजू बदलली असं नाही, त्यानं कपड्यांची नावंही बदलली. जाम्याला त्यानं 'सर्बगाती' म्हटलं, म्हणजे सर्वांग झाकणारा. टोपीला 'सीस सोभा' आणि पादत्राणांना 'चरणधरन'. फारसी बोलणाऱ्या दरबारात तुर्की वंशाचा बादशहा इथल्या भाषेतली नावं देत होता. इकडे शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या काळात रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. राज्यकारभारातल्या सुमारे चौदाशे शब्दांना संस्कृत पर्याय दिले. दोन्ही राजांची दृष्टी मोठी होती. पण लोकांनी काय केलं? जामा जामाच राहिला. पैरण, पायजमा, सुरवार, रुमाल, चादर, अस्तर, जरी, मखमल, किनखाप हे शब्द फारसीतून आले आणि माजघरात जाऊन बसले. अंगरखा, चोळी, सुई आणि कात्री संस्कृतातून आल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या. माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, यांनी १९२५ साली फार्शी-मराठी कोश काढला. आमच्या कवी मंडळींनी तो जरूर चाळावा. मराठी माणसाच्या कपाटातला कोणता कपडा कुठून आला, ते त्यात सापडतं.

कपडा हे त्या काळी राजकारणही होतं. बादशहा एखाद्यावर खूश झाला की त्याला खिलत द्यायचा, म्हणजे मानाचा पोशाख. डोक्यापासून पायापर्यंत सगळा पोशाख दिला तर तो 'सरोपा'. त्यावरूनच आपला शिरपाव. खिलत अंगावर घेतली म्हणजे देणाऱ्याचं वरचष्मेपण मान्य केलं. १२ मे १६६६ रोजी आग्ऱ्याच्या दरबारात अपमान झाल्यावर महाराज रागानं बाहेर पडले. त्यांची समजूत काढून त्यांना खिलत घालायला बादशहानं माणसं पाठवली. महाराजांनी ती अंगावर घ्यायला साफ नकार दिला. तलवार न उपसता, फक्त एक शिवलेला कपडा न घालता, त्यांनी बादशहाला उत्तर दिलं होतं. दरबारातल्या प्रत्येकाला ते कळलं, कारण कपड्याची भाषा दोन्हीकडे एकच होती. पुढं मराठ्यांच्या राज्यातही हीच रीत चालली. १७ एप्रिल १७२० रोजी पहिल्या बाजीरावांना छत्रपती शाहू महाराजांकडून पेशवेपदाची 'वस्त्रे' मिळाली. आपण आजही वाचतो की अमक्याला दिवाणगिरीची वस्त्रे मिळाली. पद मिळणं म्हणजे पोशाख मिळणं.

स्वतः महाराज काय घालत? कृष्णाजी अनंत सभासदांची बखर १६९७ ची, महाराजांना जवळून पाहिलेल्या पिढीची. अफझलखानाच्या भेटीला निघताना महाराजांनी काय काय घातलं, याचा तपशील सभासदांनी दिला आहे. अंगात जरीची कुडती, डोक्याला मंदील, पायात चोळणा. शिंप्याला एवढा तपशील पुरेसा आहे. शिवाय त्या काळातली चित्रं आहेत. आम्सटरडॅमचं राइक्स म्युझियम आणि लंडनचं ब्रिटिश म्युझियम इथं दख्खनी चितारींनी काढलेली महाराजांची चित्रं जपलेली आहेत. पायघोळ जामा, खाली तुमान, कमरेला पटका, डोक्यावर तुरा लावलेली पगडी. गोवळकोंड्याच्या आणि विजापूरच्या सरदारांची चित्रं त्यांच्या शेजारी ठेवा. जाम्याचा घाट तोच, पटका बांधायची तऱ्हा तीच. आणि रंग म्हणाल तर त्या दख्खनी चित्रांमध्ये पांढरा, सोनेरी, गुलाबी, केशरी असे कितीतरी आहेत. कुठल्या एका दरबारानं कुठला एक रंग विकत घेतला होता, असं दिसत नाही.

याचा सगळ्यांत मोठा पुरावा आपल्याच इतिहासलेखनात आहे. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये महाराजांचं अस्सल चित्र महाराष्ट्रापुढं आणलं. तोवर महाराजांचं म्हणून जे चित्र वापरात होतं, ते प्रत्यक्षात इब्राहिमखान नावाच्या माणसाचं होतं. बेंद्र्यांनी डच कागदपत्रांच्या आधारे ही चूक दुरुस्त केली, त्यांचे उपकार मोठे आहेत. पण मी शिंप्याचा मुलगा म्हणून वेगळा विचार करतो. इतकी वर्षं ते चित्र खपलं कसं? पोशाख पाहून कुणाला शंका कशी आली नाही? शंका येण्यासारखं त्या पोशाखात काही नव्हतंच. मराठा राजा आणि मुसलमान सरदार असेच कपडे घालत होते.

याचा अर्थ फरक नव्हता असा नाही. कपाळाचा टिळा होता, गाठीची बाजू होती, पागोट्याचे पेच वेगळे होते, धोतर होतं. ते सगळं नाटकात दाखवायलाच हवं. पण सर्वांत मोठा फरक ऐपतीचा होता. जरीची कुडती राजाच्या अंगात. मावळ्याच्या अंगावर आखूड चोळणा किंवा लंगोट, फार तर एक बंडी, डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी. मुघलांच्या छावणीतल्या साध्या प्याद्याची गतही काही फार निराळी नव्हती. आपल्या मिरवणुकीत मात्र प्रत्येक मावळा सॅटिनचा, सोनेरी काठाचा अंगरखा घालून येतो. सह्याद्रीच्या कड्यावर चढणाऱ्या माणसाला सॅटिन कोण देणार होतं? उपाशी, उघड्या अंगाच्या माणसांनी राज्य उभं केलं, हा खरा अभिमानाचा भाग आपण चकचकीत कापडाखाली झाकून टाकतो.

ही चकचक आली कुठून? १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं आणि मराठी रंगभूमी सुरू झाली. दिवट्या, समया आणि पुढं गॅसबत्त्यांच्या उजेडात दूर बसलेल्या प्रेक्षकाला राजा ओळखू यावा म्हणून कपड्याला चमक लागली. ती त्या काळाची गरज होती. तमाशाच्या फडालाही ती गरज होती. आमच्या तापीकाठी दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याची यात्रा भरते, घोड्यांच्या बाजारासाठी ती प्रसिद्ध आहे. यात्रेच्या दिवसांत फडातली माणसं वडिलांकडे कपडे दुरुस्तीला आणत. त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे, "चाचा, राजाना आंगवर चमक दखायनी पाहिजे." वडील हसत आणि टिकल्यांची नवी ओळ लावून देत. अंकाच्या मध्ये नटाला क्षणात कपडे बदलावे लागतात, म्हणून बंदांच्या आत हूक लावत. ते रंगमंचाचं शास्त्र आहे, त्यात काही वावगं नाही.

वावगं आहे ते दुसरंच. मी शाळेत असताना स्नेहसंमेलनात अफझलखान वधाचा प्रवेश ठरलेला असे. खान कोण होणार तेही ठरलेलं असे. पाठांतर कोणाचं चांगलं, आवाज कोणाचा मोठा, उंची कोणाची जास्त, असं कुणी पाहत नसे. हजेरीपटातलं नाव पाहिलं की झालं. एका वर्षी मी खान झालो, दुसऱ्या वर्षी माझा चुलतभाऊ झाला. महाराजांची भूमिका आपल्याला मिळेल असं आम्हा दोघांच्या मनात कधी आलंच नाही. अन्याय झाला असंही तेव्हा वाटलं नाही, पावसाळ्यात पाऊस पडतो तसं ते होतं. दोन्ही पात्रांचे कपडे मात्र माझ्याच वडिलांनी शिवले होते. जमिनीवर मांजरपाट अंथरून त्यांनी एकच फर्मा काढला आणि त्यावरून दोन्ही जामे बेतले. मी म्हणालो, "अब्बा, खानाचा वेगळा असतो ना?" ते खडूची रेघ ओढत म्हणाले, "माप वेगळं आहे. बेत एकच." त्यांनी आईने अकबरी वाचली नव्हती, राइक्स म्युझियमचं नावही ऐकलं नव्हतं. त्यांच्या उस्तादानं त्यांना जो बेत शिकवला तो असा होता, एवढंच. कितीतरी वर्षांनी पुस्तकांत ती चित्रं पाहिली तेव्हा वडिलांच्या खडूची रेघ मला आठवली.

गेल्या काही वर्षांत ऐतिहासिक चित्रपटांची आणि मालिकांची लाट आली. तंत्र सुधारलं, पैसा आला. पण एका बाजूवर उजेड आणि दुसऱ्या बाजूवर अंधार, एका बाजूला सुती शुभ्र आणि दुसऱ्या बाजूला काळं चामडं आणि लोकर, हे गठ्ठे आणखी पक्के झाले. मे महिन्यात दख्खनच्या उन्हात लोकरी झगा घालून कोणता सरदार लढायला आला असता? घामानंच मेला असता. शत्रू क्रूर होता हे दाखवायला कथा आहे, संवाद आहेत, नट आहे. ते काम कापडावर ढकलू नये.

हे काम नीट कसं करतात, याचा धडा आपल्याच मातीतल्या एका बाईनं घालून दिला आहे. भानू अथय्या. जन्म १९२९ चा, कोल्हापूरचा. वडील अण्णासाहेब राजोपाध्ये चित्रकार. 'गांधी' या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये त्यांना जॉन मोलो यांच्याबरोबर ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. त्या चित्रपटात गांधीजींचा कपडा म्हणजे त्यांचं चरित्रच आहे. आफ्रिकेतल्या बॅरिस्टराचा सूट, मग काठेवाडी अंगरखा आणि पागोटं, आणि १९२१ मध्ये मदुराईत घेतलेला पंचा. कापड कमी होत जातं आणि माणूस मोठा होत जातो. बाईंना हे दाखवताना एकही टिकली लावावी लागली नाही. धुतलेली, विरलेली, चुरगळलेली खादी कशी दिसते ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी २०१२ मध्ये आपलं ऑस्कर जपणुकीसाठी अकादमीकडे परत दिलं आणि २०२० मध्ये त्या गेल्या. कपड्याआधी माणूस समजून घ्या, हे त्यांच्या कामातून शिकण्यासारखं आहे.

जुना कपडा जिवंत पाहायचा असेल तर फार लांब जायला नको. सोलापूरला संक्रांतीच्या वेळी सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते. हजारो भक्त पांढरी शुभ्र बाराबंदी घालून नंदीध्वजांबरोबर चालतात. बटन नाही, चेन नाही, नुसते बंद. शिंप्यांनी आणि पोशाख करणाऱ्या मंडळींनी एकदा ती यात्रा पाहावी. धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे संशोधन मंडळाचं संग्रहालय आहे. राजवाड्यांचं निधन १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच झालं आणि त्यांनी गावोगाव फिरून जमवलेलं धन तिथं जपलं गेलं. मोडी कागद बांधून ठेवण्याच्या कापडाला आपल्याकडे 'रुमाल' म्हणतात. दफ्तरात किती कागद आहेत हे सांगताना इतके रुमाल आहेत असं सांगतात. इतिहास लिहिणाऱ्यांनीही तो जपला कापडातच.

अलीकडे शिवलेल्या नऊवारीची चलती आहे. शिंपी नेसायची साडी कापून, शिवून, चेन लावून देतो आणि मुलगी दोन मिनिटांत तयार होते. 'पेशवाई' आणि 'मस्तानी' असे तिचे प्रकार विकले जातात. जुन्या बायका नाक मुरडतात, पण मला त्यात शिंप्याची हुशारी दिसते. न शिवलेल्या कपड्याची पवित्रता मात्र दोन्हीकडे सारखीच टिकली आहे. देवपूजेला सोवळं नेसतात, ते शिवलेलं चालत नाही. हजला जाणारा पुरुष एहराम बांधतो, तोही दोन न शिवलेल्या पांढऱ्या चादरींचा. देवासमोर जाताना दोघांनीही सुई बाजूला ठेवलेली आहे. गाठ डावी की उजवी, हा प्रश्न तिथं उरत नाही.

माणसांच्या दरबारात तो प्रश्न राहणार आहे आणि त्याला माझी हरकत नाही. शाळेतल्या गुरुजनांना, बाईंना आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांना माझी साधी विनंती आहे. पुढच्या वेळी ऐतिहासिक प्रवेश बसवाल तेव्हा दोन्ही बाजूंचे जामे एकाच फर्म्यावरून बेतायला सांगा. काखेत चौकोन घाला. मावळ्याला घोंगडी द्या. राजाची गाठ डावीकडे घ्या, खानाची उजवीकडे, आणि ती तशी का हे मुलांना समजावून सांगा. एवढ्यात इतिहासाचा एक अख्खा तास होईल. आणि कोणता कपडा कोणाच्या अंगावर चढवायचा हे ठरवताना मुलांचा आवाज ऐका, पाठांतर घ्या, उंची मोजा. हजेरीपट मात्र त्या दिवशी कपाटात राहू द्या.